माझ्या नंबरावर पळालेला माणूस

मुंबईच्या मॅरेथॉनचा इतिहास लिहायचं काम गेल्या गणपतीत माझ्याकडं आलं.

जालन्यात आमचा पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात डॉक्टर आहेत, बियाण्यांचे व्यापारी आहेत, दोन-तीन वकील आहेत, बाकी आम्ही मास्तर लोक. दर जानेवारीत ही मंडळी मुंबईला जाऊन मॅरेथॉन पळतात. यंदा ग्रुपनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. आधी त्या मॅरेथॉनचा इतिहास आणि मग आपल्या जिल्ह्यातून तिथं जाऊन कोण कोण पळालं, त्याची हकिकत.

"सर, लिहिणार तुम्हीच," अध्यक्ष म्हणाले. "एक तर मराठीचे प्राध्यापक. आन दुसरं म्हणजे ग्रुपातला सगळ्यात भारी टायम अजून तुमच्याच नावावर हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि हो म्हणालो.

तो टायम माझा नाही. तो माझ्या थोरल्या भावाचा आहे. बारा वर्षांपूर्वी अर्ध्या मॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर माझा नंबर छातीवर लावून तो पळाला आणि नाव माझं झालं. ही गोष्ट गणपतीपर्यंत जगात दोनच माणसांना माहीत होती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. वडिलांना सही येत नव्हती, आईला घड्याळ कळत नव्हतं, आणि मी एमए झालो, नेट झालो. ज्याला ही बढाई वाटते त्याला वाटू दे. कष्टानं मिळवलेलं आहे, मी ते लपवत नाही. पण हे एक लपवलं होतं.

इतिहास लिहायला बसलो तेव्हा सोपा वाटला. सुरुवातीची वर्षं मी टीव्हीवर पाहिलेली. शिकायला होतो तेव्हा जुन्या जालन्यात एका आडतीच्या वर आमची खोली होती आणि खाली हॉटेल. जानेवारीतल्या त्या रविवारी हॉटेलातल्या टीव्हीवर मुंबईचे रस्ते दिसायचे. पुढं केनियाची, इथिओपियाची काटकुळी माणसं, जमिनीला पाय लागतोय की नाही अशी. त्यांच्यामागं आपली फौजेतली पोरं. आणि त्यांच्यामागं नुसता माणसांचा पूर. हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणायचा, "ह्यांच्यामागं कुत्रं लागलं का काय? सुट्टीच्या दिवशी पळून राह्यले."

मग मी जुन्या लोकांना फोन करून विचारलं. तेव्हा फॉर्म कागदाचा होता. टायम मोजायची चिप बुटाच्या नाडीत बांधावी लागायची, पुढं ती छातीवरच्या नंबरातच आली. आधी बायका तुरळक असायच्या, मग वाढत गेल्या. समुद्रावरचा पूल झाला आणि पळणारे त्या पुलावरून जायला लागले. ज्या पुलावर पायी माणसाला एरवी सोडत नाहीत, तिथं एक सकाळ माणसंच माणसं. रस्त्याच्या कडेनं लोक केळी, संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की घेऊन उभे राहतात, ओळख ना पाळख. कोरोनात सगळं बंद पडलं तेव्हा आमच्या ग्रुपचे डॉक्टर स्वतःच्या गच्चीवर गोल गोल पळाले आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले. हे सगळं मी हौसेनं लिहिलं.

मग नियम लिहायला घेतले. त्यात पहिल्यापासून एक नियम आहे. आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. तिथं माझं लिहिणं थांबलं.

भावाला घरात सगळे अण्णा म्हणतात, त्याची मुलगीसुद्धा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पण कागदावर आम्ही जुळे आहोत. त्याला शाळेत घालायचं राहून गेलं होतं, शेरडं त्याच्याकडं होती. मला घालायच्या दिवशी वडिलांनी दोघांनाही नेलं. हेडमास्तरांनी आमच्याकडं पाहिलं आणि दोघांचीही जन्मतारीख एक जून टाकली, वर्षही तेच. आमच्या गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. दहावीला आम्ही एकाच बाकावर बसलो. मी पास झालो, अण्णाचं गणित राहिलं. "एक जण शिकतोय, बस झालं," असं वडील म्हणाले. अण्णानं पुन्हा फॉर्म भरला नाही आणि त्यावर कधी बोललाही नाही.

आमचं गाव मंठा तालुक्यात. गावापासून आमची विहीर चार किलोमीटर, मध्ये ओढा आणि काळी जमीन. पाऊस पडून गेला की त्या वाटेनं मोटरसायकल जात नाही. शेताच्या लाईटची पाळी असायची आणि ती पाळी कधी वेळेवर यायची नाही. आली की विहिरींवरच्या पहिल्या तीन-चार मोटारी उचलायच्या. उरलेल्यांच्या मोटारी नुसत्या हूं हूं करत बसायच्या, कारण तोवर व्होल्टेज पडलेलं असायचं. आपोआप चालू होणारं ऑटो बसवलं तर सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळतो. दोनदा जळला. म्हणून गावानं बसून ठरवलं की कुणीही ऑटो बसवायचं नाही, ज्यानं त्यानं जाऊन मोटर चालू करायची. म्हणजे लाईट आली की पळायचं. जो आधी पोचेल त्याचं पाणी.

आमचं रान सगळ्यात लांब, तरी पहिलं पाणी आमचं असायचं. पारावरून कुणी ओरडलं, "आली रे!" की अण्णा चपला हातात घेऊन निघायचा. लोक म्हणायचे, "ह्याच्या पायालाच ऑटो बसवलंय, ते काढायला लावा आधी." हे त्यानं पंधरा-सोळा वर्षं केलं.

मी पळायला लागलो ते कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागल्यावर. पगार थोडा आणि तोही वेळेवर नाही. पण तिथले कायम झालेले प्राध्यापक सकाळी मैदानावर पळायचे, त्यांच्यात मिसळावं म्हणून मीही जायचो. मुंबईचा फॉर्म भरला आणि सगळीकडं सांगून टाकलं. प्राचार्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "वा! वार्षिक अहवालात घेऊ." तोवर मी दहा किलोमीटरच्या वर कधी पळालो नव्हतो.

अण्णा सोबत आला तो मुंबई बघायला. आमदार निवासात एका कार्यकर्त्याच्या ओळखीनं जमिनीवर झोपायला जागा मिळाली. आदल्या दिवशी ओळखपत्र दाखवून नंबर मीच घेऊन आलो. तिथं गावोगावच्या चाळीस-पन्नास मॅरेथॉनी पळालेले लोक आपसात बोलत होते, काय खायचं, कुठं जोर लावायचा. ते ऐकून माझं अवसान गेलं. आपण अर्ध्यात बसलो तर? कॉलेजात काय सांगायचं?

पहाटे अण्णानं हलवलं. "उठ ना मास्तर, टायम झाला."

"पोट बिघडलंय."

त्यानं माझ्या पोटावर हात ठेवला, बैलाच्या पोटावर ठेवून बघतात तसा. "पोट बिघडलं का भ्या वाटून राह्यलं?"

"पोटच."

"जे तू खाल्लं ते मी बी खाल्लं. माझं कसं न्हाई बिघडलं?"

मी कूस बदलली. त्यानं उशाजवळचा नंबर उचलून पाहिला. "मंग हा नंबर वाया जाणार? एवढा खर्चा करून आल्तो आपण."

"तू पळतो का?" हे मी म्हणालो. त्यानं मागितला नव्हता.

"मला कुठं येतं मॅरेथॉन पळता?"

"मोटर चालू करायला जातो तसंच जायचं."

"किती लांब?"

"घर ते मोटर, असं पाचदा."

"जाणं येगळं, येणं येगळं धरून?"

"धरून."

"मंग काय, दे बूट."

माझे बूट त्याला एक नंबरानं लहान होते. पुढं त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. पिना मीच लावल्या, चारही कोपऱ्यांना. टॅक्सीत बसून त्याला सुरुवातीच्या जागी सोडलं आणि मी पिशवी घेऊन शेवटाच्या ठिकाणी गेलो.

दोन-सव्वादोन तासांनी येईल या हिशेबानं मी चहा पीत उभा होतो. तर कुणीतरी खांद्यावर हात मारला. अण्णा. घामानं चिंब, गळ्यात मेडल.

"संपलं का रे हे? पुढं दोऱ्या बांधल्यात. मला वाटलं अजून हाय."

दीड तासाच्या आत आला होता. आमच्या जिल्ह्यातलं तोवर कुणीच तसं पळालेलं नव्हतं. त्यानं मेडल काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. "घे. नंबर तुझा हाय." मी ते काढून त्याला परत दिलं नाही. तसं करता आलं असतं. दोन सेकंदांचं काम होतं.

तरी इथवर मी घाबरट होतो, एवढंच म्हणता येईल. चोर झालो ते दोन दिवसांनी. एका बातमीदाराचा फोन आला, "सर, तुमचा टायम बघितला! पळतानाचा फोटो पाठवा." पळतानाचे फोटो आले होते. त्यात अण्णाचा चेहरा चांगला स्वच्छ दिसत होता. मी म्हणालो, "पळतानाचा नाही हो, पासपोर्टचा आहे." नोकरीच्या अर्जासाठी काढलेला फोटो पाठवला. त्यात मी टाय लावलेला होता. टाय लावलेला माणूस दीड तासाच्या आत एकवीस किलोमीटर पळाला, असं पेपरात आलं.

कॉलेजात शाल-श्रीफळ झालं. बोलायला उभं केलं तेव्हा सांगून टाकावं असं मनात आलं होतं. मी बोललो ते जिद्दीवर. पुढच्या वर्षी कायम जागेची मुलाखत झाली, त्यात पहिला प्रश्न त्या पळण्यावरच होता. त्यामुळंच नोकरी लागली असं मी म्हणणार नाही, माझी पदवी माझी आहे. पण तो प्रश्न निघाला आणि समोरची चार माणसं हसली, मोकळी झाली, हे मला दिसलं होतं.

अण्णानं ते कात्रण मंठ्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि घरात लावलं. पाहुणा आला की दाखवायचा. "माझा भाऊ. कॉलेजात सर हाय, तरी पळतो." बाजूला त्याची सहा-सात वर्षांची पोर उभी असायची. तिला म्हणायचा, "काकासारखं पळायचं, बराबर?"

ती पोर आता माझ्याच घरी राहून बीए करते. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पहाटे मैदानावर जाते आणि पळते ते अगदी बापासारखी, हात फार न हलवता, मान किंचित खाली. मैदानावरचे सर सांगतात, "काकावर गेलीय." यंदा तिनं मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनचा फॉर्म भरला.

मी पुस्तिकेत त्या नियमाशी अडून बसलो होतो, त्याच आठवड्यात ती वही घेऊन समोर आली. "काका, चौदा-पंधरा किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ हाय ना, तिथं लोकांचे पाय जातात म्हणे. तुम्ही काय केल्तं तिथं?"

मला तो चढ माहीतच नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत मी ग्रुपबरोबर गेलो, पण गुडघ्याचं कारण सांगून दर वेळी लहान पळण्यातच नाव घातलं. "उद्या सांगतो," म्हणालो आणि गच्चीवर जाऊन अण्णाला फोन लावला.

"त्या चढावर तू काय केल्तं?"

"कोणत्या चढावर?"

"मुंबईत. पळाल्ता तव्हा."

पलीकडं खाट करकरली, तो उठून बसला होता. मग माझ्या लक्षात आलं, की बारा वर्षांत त्या पळण्याबद्दल मी त्याला हे पहिलंच काहीतरी विचारत होतो.

आणि मग तो जे बोलत सुटला! त्याला सगळं आठवत होतं. पुलावरचा वारा, एकाच्या पायात गोळा आला तर त्याची पोटरी कशी चोळली, पाण्याच्या बाटल्या अर्ध्या पिऊन फेकतात ते बघून जीव कसा हळहळला. "चढ आला की वर बघायचंच न्हाई. पुढच्याच्या टाचा बघायच्या. त्यानं टाच उचलली की आपली उचलायची. आन तिथं एक म्हातारी व्हती, गॅलरीतून थाळी वाजवून राह्यली व्हती. मला म्हणली, पळ बाबा पळ. मराठीत म्हणली." मग थांबून विचारलं, "कोण इचारून राह्यलं?"

"पोरगी."

"मंग सांग तिला. तुझं म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी मी तिला टाचांचं सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. वर लिहिलं, 'काका म्हणतात'. आणि मी तिला ती थाळीवाली म्हातारीही सांगितली. तिची काही गरज नव्हती, चढ चढायला म्हातारीचा काय उपयोग? ती मी स्वतःहून सांगितली, रंगवून सांगितली, आणि पोरगी हसली तेव्हा मला बरं वाटलं.

त्यानंतर माझ्यानं लिहवेना. एकदा त्याचं पळणं घेतलं ते पोट दुखतंय म्हणून घेतलं होतं. हे दुसऱ्यांदा मी धडधाकट असताना घेतलं.

रविवारी गावाकडं गेलो. अण्णा हरभऱ्यात पाइप बदलत होता. आता लाईटीची तेवढी पळापळ उरली नाही, सौर पंप आलाय. मी बांधावरूनच म्हणालो, "पुस्तकात तुझं नाव लिहितो. तू पळाला असं."

"कशामुळं?"

"खरं हाय म्हणून."

"खरं तर तव्हा बी व्हतं."

मी खाली बसलो. त्यानं पाइपाचा जोड बसवला, पायानं दाबला, मग माझ्याकडं आला. तो चिडलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं.

"पोरीला मी एवढे दिवस काय सांगून राह्यलो? काका पळाला, काकासारखी पळ. आता काय सांगू? मास्तर, तू एकदा खोटं बोलला. मी रोज बोललो."

"तुला बोलायला मी लावलं."

"तू न्हाई लावलं. मला ग्वाड वाटायचं म्हणून बोललो. आपल्या घरातला एक माणूस शिकला बी आन पळाला बी. दोन माणसांत वाटून काय करायचं ते?"

मी उठून त्याला पुढचा पाइप उचलू लागलो. निघताना तो म्हणाला, "तिला सांगायचं तर तू सांग. माझ्याच्यानं बिलकुल न्हाई व्हणार."

सांगितलं. ती माझ्या बायकोबरोबर मेथी निवडत बसली होती. मी एका दमात सांगून टाकलं, पोट दुखण्यापासून फोटोपर्यंत. बायकोचा हात थांबला. पोरीचा थांबला नाही.

"थाळीवाली म्हातारी?" तिनं विचारलं.

"ती पण अण्णाचीच."

"आन तुम्ही तव्हा कुठं व्हते?"

"शेवटाला. चहा पीत."

ती उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको ताट वाढताना माझ्याकडं बघायची नाही, म्हणाली फक्त एवढंच, "तरी म्हणलं, एकदाही टीव्हीवर ती शर्यत पूर्ण बघत कसे न्हाई तुम्ही." पाचव्या दिवशी पोरीनं बापाला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. आधी भांडली. "तुम्ही दिलं कशामुळं? तुमचं पळणं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लावलं." मग आवाज खाली आला. मग प्रश्न सुरू झाले, पाणी किती वेळा प्यालात, श्वास कुठं लागला, शेवटच्या दोन किलोमीटरला काय केलं. पाऊण तास चाललं होतं ते. मी भिंतीपलीकडं बसून होतो, आणि त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

इतिहास मी पुरा केला. त्या वर्षापुढं खरं लिहिलं, भावाचं नाव घालून. अध्यक्षांनी वाचलं आणि मला घरी बोलावलं.

"सर, तुमचा मोठेपणा हाय हा. पण हे छापता न्हाई यायचं. दुसऱ्याच्या नंबरावर पळाले म्हणजे नियम मोडला. वरच्यांनी आपल्या अख्ख्या ग्रुपचे फॉर्म बंद केले तर?"

"मग माझं नाव तरी काढा."

"ते तर काढावंच लागंल."

पुस्तिका निघाली. छान निघाली, रंगीत आहे. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातून कुणीच पळालं नाही असं वाटतं, तिथं ओळच नाही. बारा वर्षं ते पळणं चुकीच्या नावानं का होईना, कुठंतरी होतं. लोक त्याबद्दल बोलायचे आणि अण्णा ते ऐकून मनातल्या मनात हसत असेल. मी मन मोकळं केलं आणि तेवढंही त्याच्याकडून गेलं. ग्रुपातली माणसं मला अजून सर म्हणतात, थोडं तुटकपणे. मला झालं ते एवढंच.

मग त्याला विचारलं, मी माझ्यापुरतं लिहू का, पुस्तिकेबाहेर.

"लिही ना. पण नाव घालू नको. ना तुझं, ना माझं. पोरीला भरतीत उभं राह्याचंय."

म्हणून इथं कुणाचं नाव नाही. मंठा तालुक्यातला एक शेतकरी लहान पडणारे बूट घालून मुंबईत दीड तासाच्या आत एकवीस किलोमीटर पळाला. हे खरं आहे, आणि याहून जास्त मला त्याला देता आलं नाही.